मानपत्रावरचं कॅलेंडर

विनू भाऊजी गेल्याचा फोन शाळेत आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. आमच्या मुख्याध्यापिका एरवी व्हरांड्याच्या टोकावरूनच हाक मारतात. त्या दिवशी त्या दारापर्यंत चालत आल्या. मी खडू खाली ठेवला. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, डॉ. विनायक, आमच्या वर्धा जिल्ह्यातल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवायचे. सकाळी विभागाचा जिना चढताना छातीत कळ आली म्हणून पायरीवर टेकले आणि... तिथून उठलेच नाहीत. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. दुःख आहेच, ते कुठे जात नाही. पण आज लिहायला बसले ती दुःखापेक्षा लाजेपायी. समुद्रपूरला त्यांच्यासाठी शोकसभा झाली, तिथे जे बोलायला हवं होतं ते मला माहीत असून मी तोंड मिटून बसले. काय बोलायचं राहून गेलं ते कळायला मात्र थोडं मागे जावं लागेल.

समुद्रपूरच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. नव्वद साल नुकतंच मागे पडलं होतं तेव्हा मी हिंगणघाटहून लग्न होऊन या घरात आले. माझे सासरे, ज्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात, ते गादीवर बसले की गिऱ्हाइकाशी तासन् तास गोड बोलायचे आणि घरात आले की शब्द जपून वापरायचे. सगळंच जपून वापरायचे म्हणा. पार्सलची सुतळी गाठी सोडवून गुंडाळून ठेवायची, कापडाच्या ठाणातला पुठ्ठा पुन्हा कामात आणायचा, कागदाची पाठची बाजू कोरी असली तर तो फेकायचा नाही. भाऊजी तेव्हा डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि वडिलांची ही सवय त्यांनी पुरती उचलली होती. साबणाची झिजलेली चिपटी ते नव्या वडीला चिकटवून वापरायचे. मी चिडवायची, "भाऊजी, तुमी एका पेशंटची पट्टी सोडून दुसऱ्याले बांधसान एक दिवस." ते हसून म्हणायचे, "धुऊन बांधीन ना, वहिनी." आज हे वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो.

माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत सासूबाई गेल्या. कारण सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. तेलाच्या पिप्याचं तोंड कापताना पत्र्याची धार बोटाला लागली, एवढंच. हळद दाबली, चिंधी बांधली आणि त्यांनी त्याच हाताने पोळ्या लाटल्या. पुढे थंडी वाजून ताप भरला, त्या असंबद्ध बोलायला लागल्या, तेव्हा जीप करून जामच्या फाट्यावरून त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे बोटाची जखम सुकत आली, आणि माणूस मात्र खचत गेलं. लघवी थांबली, श्वास लागला, सगळं एकामागून एक बंद पडत गेलं. डॉक्टरांनी सेप्सिस हा शब्द सांगितला. घरी परत आल्यावर मामाजींनी भाऊजींना एकच प्रश्न विचारला, "बोट तर सुकलं होतं. मंग कायनं मेली?" घरातला होऊ घातलेला डॉक्टर खाली मान घालून बसला. त्या प्रश्नापायीच भाऊजींनी दवाखाना थाटायचा विचार सोडला आणि प्रयोगशाळेची वाट धरली, असं मी मानते. नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली, की एवढं शिकून हा रक्त घुसळत बसणार. लग्नही त्यांनी केलं नाही. तो विषय निघाला की ते ताटावरून उठायचे.

मामाजींच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं ते बऱ्याच वर्षांनी, आमच्या वावरात. कापूस वेचून झाला होता आणि वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवायचं काम चाललं होतं. धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, माणसं निंबाच्या ओल्या फांद्या घेऊन उभी होती. भाऊजी म्हणाले, "बाबा, हे माणसं इथं काऊन उभी केली तुमी?"

"इस्तू बाजूच्याच्या वावरात जाऊ नये म्हून," मामाजी म्हणाले. असल्या सोप्या प्रश्नाचा त्यांना रागच आला होता.

"आंगातही अशीच माणसं असतात. पेप्टाइड म्हणतात त्यायले, प्रथिनाचे बारीकशे तुकडे. कापलं-खरचटलं का तेच जंतू मारतात, तेच बाकीच्या पेशींले हाका मारतात, अन् काम झालं का तेच इस्तू आवरतात. दाह म्हणजे तो इस्तू. थो पायजेच, नाई तर जंतू मरत नाई. पण धुरा वलांडला का मंग आपलंच घर जळते."

मामाजींनी जाळाकडे पाहत विचारलं, "मंग तुह्या मायच्या धुऱ्यावर कोणी नव्हतं?"

"होते, बाबा. कमी पडले."

भाऊजी जे शोधत होते ते हेच होतं. शरीरात मुळात असणाऱ्या अशा एका पेप्टाइडचा छोटासा तुकडा त्यांनी निवडला होता. तो जंतूंना मारत नसे, पण जंतूंच्या विषाने भडकलेल्या रक्तातल्या पेशींना शांत करत असे. निदान नळीत तरी तसं दिसत होतं. रक्तदाते निरोगी, रक्त ताजं, त्यात जंतूंचं विष घातलं की पेशी पेटायच्या, आणि तो तुकडाही सोबत घातला की निवायच्या. दोन हजार साल उलटल्यावर केव्हातरी त्यांचा लेख परदेशातल्या एका नियतकालिकात छापून आला आणि आमच्या समुद्रपूरला जणू सण आला. बाजारात त्यांच्या नावाचं आडवं फडकं लागलं. भाऊजी कळवळून सांगत होते, "हे औषध नाई हो, नळीतला प्रयोग हाय फक्त." पण सत्काराला निघालेलं गाव असलं काही ऐकून घेत नसतं. शाल, श्रीफळ आणि चौकटीत बसवलेलं मानपत्र. त्या मानपत्राचा मजकूर कोणी लिहावा, तर घरचीच मराठीची शिक्षिका आहे म्हणून तो मी लिहिला. 'मातृवियोगाच्या वेदनेतून मानवजातीस वरदान देणारे सुपुत्र'... हे माझेच शब्द. लिहिताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. सभेत ते वाचलं गेलं तेव्हा मामाजींनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. दुसऱ्याच दिवशी दुकानात गादीच्या वर खिळा ठोकून त्यांनी ते टांगलं, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं. त्यांच्या लेखी बायकोच्या मरणाचा हिशेब पोराने चुकता केला होता.

पुढची गोष्ट भाऊजींनीच मला समजावून सांगितली होती, म्हणून ती चुकणार नाही अशी आशा करते. ते पेप्टाइड काचेला चिकटून वाया जातं, म्हणून त्याच्यासाठी खास प्लॅस्टिकच्या कोऱ्या नळ्या लागत. त्या मागवाव्या लागत, आणि एकदा वापरल्या की टाकाव्या लागत. दुकानदाराच्या पोराचा जीव तिथे अडला. पेप्टाइड जिथे घालायचं तिथे नव्या नळ्या, आणि जिथे नुसतं विषच घालायचं तिथे कपाटातल्या जुन्या, धुऊन घेतलेल्या काचेच्या नळ्या, अशी त्यांनी वाटणी केली. आता मेलेल्या जंतूंच्या कवचातलं विष फार चिवट असतं. धुण्याच्या पाण्यातून ते काचेवर बसतं आणि उकळूनही जात नाही. त्यासाठी नळ्या भट्टीत खूप वेळ कडक भाजाव्या लागतात. भट्टी होती, भाऊजी नियमाने ती लावायचेही. पण तेव्हाचं भारनियमन आठवा... वीज अध्येमध्ये जायची, भट्टी थंड पडायची, वीज परत यायची, आणि शेवटी काटा बरोबर जागेवर दिसायचा. म्हणजे काचेच्या नळ्यांत आधीच थोडं विष होतं. तिथल्या पेशी जास्तच पेटत होत्या आणि प्लॅस्टिकमधल्या त्यांच्या मानाने शांत भासत होत्या. तुकड्याने फारसं काही केलंच नव्हतं.

हे पकडायचा साधा उपाय असतो म्हणे. एका नळीत काहीच घालायचं नाही, नुसतं रक्त ठेवायचं आणि पाहायचं. सुरुवातीला त्यांनी तसं केलं होतं. तेव्हा वीज बरी होती, काच नीट भाजली जायची, सगळं ठीक निघालं. मग दर वेळी 'काहीच नाही' पाहण्यासाठी दात्याचं रक्त कशाला खर्ची घालायचं, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. साबणाची चिपटी ती हीच. पुढच्या प्रयोगाची तयारी करताना कुठून बुद्धी झाली कोण जाणे, त्यांनी पुन्हा एकदा रिकामी चाचणी घेतली. काचेतलं रक्त कोणी काहीही न घालता पेटलेलं होतं.

कोणाला कळलं नसतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. विभागातल्या वरिष्ठांनीही त्यांना समजावलं, की पुढच्या लेखात हळूच दुरुस्त करा, एवढा बोभाटा कशाला. भाऊजींनी ऐकलं नाही. नियतकालिकाला आपणहून कळवून त्यांनी लेख मागे घेतला, आणि मग ते समुद्रपूरला आले. बाजाराच्या दिवशी आले, दुकानात पाय ठेवायला जागा नसते त्या दिवशी. मी शाळा सुटल्यावर दुकानात मदतीला गेले होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं. गादीवर दोन-तीन घरच्या बायका लुगडी पाहत बसल्या होत्या, सत्काराच्या समितीतले एक गृहस्थही चहा घेत होते. भाऊजी चप्पल काढून वर आले, उभ्यानेच म्हणाले, "बाबा, त्या प्रयोगात माही चूक झाली. थो तुकडा काही करत नाई. मी लेख वापस घेतला."

मामाजींच्या हातात कापड होतं, ते मोजत होते. त्यांनी मोजणं थांबवलं नाही. कापड संपेपर्यंत मोजलं, घडी केली, आणि मग वर न पाहता विचारलं, "मंग तुह्या मायचं?"

"मायचं तसंच राह्यलं, बाबा."

समितीचे गृहस्थ अर्धा चहा टाकून निघून गेले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. माझे कान तापले होते, मला वाटलं, अहो आत घरात येऊन तरी सांगायचं होतं! भाऊजी चप्पल घालून एस.टी. स्टँडकडे चालायला लागले. मी मागून म्हटलं, "भाऊजी, जेऊन तर जा." ते म्हणाले, "पुढच्या बारीले, वहिनी." त्या रात्री दुकान बंद करताना मामाजींनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि मानपत्राच्या खिळ्यावर, मानपत्राच्या वरून टांगलं. त्यानंतर दर वर्षी नवं कॅलेंडर त्याच खिळ्यावर आलं. माझे यजमान श्रीधर एकदा म्हणाले, की ते खालचं काढून तरी टाकू. मामाजी म्हणाले, "राहू दे."

लाज म्हणजे काय ते त्या वर्षांनी आम्हाला शिकवलं. मामाजींनी पानाच्या ठेल्यावर बसणं सोडलं. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी हमखास विचारायचं, "काय मॅडम, तुमच्या डॉक्टर साहेबाचं औषध निंगालं का बाजारात?" आणि बाकीचे वहीत डोकं घालून हसायचे. कोणी म्हणालं त्याने चोरून लिहिलं होतं, कोणी म्हणालं कॉलेजने काढून टाकलं. मी कधी कोणाला खरं काय ते सांगितलं नाही. सांगायला गेलं की चूक हा शब्द आधी येतो, आणि तो मला घशाखाली उतरवता येत नव्हता. बोटाला कापलेलं एवढंसं होतं, आणि आम्ही सगळे तापाने फणफणत होतो.

भाऊजी तिकडे शिकवत होते. एकदा आम्ही सगळे बोर धरणावर गेलो होतो, हिंगणीच्या पुढे. मामाजी आले नव्हते. तिथे दगडावर बसून ते मला म्हणाले, की दर वर्षी नव्या मुलांचा पहिला तास ते दोन नळ्या घेऊन घेतात, एक काचेची, एक प्लॅस्टिकची. आणि आपण काय चुकलो ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतात. मी विचारलं, "काही वाटत नाई का तुमाले?"

"पोरायपुढं नाई वाटत. त्यायच्या कामाचं हाय ते. बाबाच्या दुकानाची पायरी चढतो तवा वाटते." मग म्हणाले, "त्यायनं ते झाकलं ना वहिनी, ते मले टोचते. फेकून द्याव का उघडं ठेवाव. झाकून काऊन ठेवलं?" पाण्याकडे पाहत आम्ही डब्यातल्या पुऱ्या खाल्ल्या.

आणि मग तो फोन, तो जिना. तेरावं झालं आणि गावातल्या मंडळींनी शोकसभा ठरवली. मेलेल्या माणसाबद्दल गावाचं मन फार मोठं होतं. इतकी वर्षं टोमणे मारणारेच पुढच्या रांगेत बसले होते. सभा सुरू व्हायच्या आधी मामाजी काठी टेकत आत आले. त्यांच्या काखेत ते मानपत्र होतं. काचेवरची धूळ त्यांनी पुसलेली दिसत होती. त्यांनी ते भाऊजींच्या फोटोला टेकून ठेवलं आणि पहिल्या खुर्चीत बसले. मग काय, वक्त्यांना आयतंच मिळालं. एकाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. 'मानवजातीस वरदान'... माझे शब्द. दुसऱ्याने सांगितलं, सेप्सिसवरचं औषध शोधणारा आपला गाववाला गेला. टाळ्या नाही वाजल्या, शोकसभा होती म्हणून, एवढंच. जे त्या माणसाने सगळ्या बाजारासमोर परत केलं होतं, ते आम्ही त्याच्या फोटोला परत डकवत होतो, आणि तो आता उठून नको म्हणू शकत नव्हता. निवेदकाने विचारलं, घरातून कोणी बोलेल का? श्रीधर माझ्याकडे पाहायला लागले. मी मामाजींकडे पाहिलं. ते समोर पाहत होते, डोळे भरलेले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या समाधानात आता कशाला विष कालवा. मी मानेने नाही म्हटलं.

बाहेर पडताना एक तरुण डॉक्टर मुलगी मला भेटली. भाऊजींची विद्यार्थिनी, खास एस.टी.ने आली होती. तिने हळूच विचारलं, "मॅडम, सरांनी तर ते परत घेतलं होतं ना? आम्हाला पहिल्याच तासाला सांगितलं होतं. त्या तासामुळे मी आजही रिकामी नळी लावल्याशिवाय काही करत नाही." मी म्हटलं, "अगं, गावात चालायचंच असं." तिचा चेहरा पडला. ती नमस्कार करून निघून गेली. पंचवीस-तीस मुलांचे निबंध तपासताना खरं लिहा, मनातलं लिहा म्हणून लाल शाईने शेरे मारणारी मी... मला त्या क्षणी माझीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. मामाजी एकटेच होते. मानपत्र परत खिळ्यावर आलं होतं, वर कॅलेंडर नव्हतं. मनाचा हिय्या करून मी म्हटलं, "मामाजी, काल ते वाचलं ते बरं नाई झालं. भाऊजींले नसतं आवडलं. त्यायनं ते वापस केलं होतं."

"मले मालूम नाई का?" ते म्हणाले.

"मंग तुमी काऊन नेलं?"

मामाजींनी चष्मा काढला. "सत्कार केला तवा त्यानं काय केलतं? काहीच नाई. चूक केलती. खरं काम त्यानं इथं उभं राहून केलं, या गादीवर. तवा कोणी शाल नाई देली. मीही नाई देली, मी कॅलेंडर लावलं. म्हटलं आता तरी सांगाव गावाले. पण मले चार लोकांत बोलता येते का कधी? मी म्हटलं, हे समोर ठेवतो, म्हणजे माही सून उठन अन् सांगन का हे खोटं हाय अन् माहा पोरगा खरा हाय." त्यांनी मानपत्राकडे बोट केलं. "तुह्याच हातचं हाय ना ते, सुनंदा. मंग खोडून काढाचं कोणं?"

ते भरलेले डोळे समाधानाचे नव्हते. ते माझी वाट पाहत होते. सभा संपेपर्यंत पाहत होते. भाऊजी बाजारात उभे राहिले तेव्हा मला त्यांची लाज वाटली होती, आणि तेच करायची माझी पाळी आली तेव्हा मी मान हलवून बसून राहिले. माफी मागायला गेले तर मामाजी म्हणाले, "मले नको सांगू. ज्यायले सांगाचं त्यायले सांग." म्हणून हे लिहिलं. डॉ. विनायक यांनी सेप्सिसवर औषध शोधलं नाही. त्यांचा एक प्रयोग चुकला. तो चुकला हे दुसऱ्या कोणालाही कळण्याआधी त्यांनी स्वतः शोधून काढलं आणि स्वतः सांगितलं. शरीर आपला जाळ कसा आवरतं आणि माझ्या सासूबाईंना तो का आवरला नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पुरतं कळलं नव्हतं, आणि कळल्याचं सोंग त्यांनी केलं नाही.

दुकानात आता कोणी वर पाहून विचारलं, की शेठजी हे काय हाय, तर मामाजी माझ्याकडे बोट करतात, "तिले इचारा." मी सांगते. पहिल्या वेळी आवाज फुटत नव्हता, आता फुटतो. परवा सूतवाल्या व्यापाऱ्याकडून नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं. श्रीधरनी सवयीने ते उलगडलं आणि गादीच्या वरच्या त्या खिळ्याकडे हात नेला. मामाजींनी काठीने त्यांचा हात अडवला.

"त्याले दुसरा खिळा ठोक," ते म्हणाले.